शोकेसच्या काचेतला डाव

आत्यानं दार उघडलं आणि आधी माझ्या तोंडाकडं न बघता खांद्यावरच्या बॅगेकडं बघितलं.

“हत्यार घेऊन आलीस व्हय?”

“लॅपटॉप आहे, आत्या.”

“तेच म्हणते मी. त्यानंही आणलाय. या, बसा, घाला एकमेकांच्या टाळक्यात. मी चहा टाकते.”

मी चपला काढल्या आणि आत गेले. बॅगेतला लॅपटॉप माझ्या भावाचा होता, जुनाट. त्यात त्याच्या लग्नाचे फोटो होते आणि बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. ज्या कामासाठी मी सांगलीहून जयसिंगपूरला आले होते, त्या कामाचं त्यात काहीही नव्हतं. ते सगळं ज्या मशीनवर होतं ते मशीन घरी मरून पडलं होतं, आणि हे रणजितला कळलं तर माझी दोन वर्षांची कमाई त्याला एका बोटानं गिळता येणार होती. त्याच्यासमोर बसायचं आणि सगळं शाबूत असल्यासारखं तोंड करायचं, एवढंच मला त्या दुपारी करायचं होतं. सोपं वाटतं. माझ्यासारख्या तोंडावर सगळं दिसणाऱ्या बाईला ते अजिबात सोपं नव्हतं.

रणजित जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर त्याचा लॅपटॉप, उघडा. कोल्हापूरहून मोटरसायकलनं आलेला असणार, कारण केस अजून उभेच होते. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली नाही. समोरची खुर्ची तेवढी पायानं थोडी मागं सरकवली. त्या खुर्चीमागं आत्याचं काचेचं शोकेस होतं, आणि त्यात आम्हा दोघांचे शाळेतल्या स्पर्धांचे कप शेजारी शेजारी मांडलेले होते. त्याचा एक जास्त आहे. तो जास्तीचा कप आत्या कायम पुढं ठेवते.

रणजित माझा आत्तेभाऊ. आमच्या भागात मामाची पोरगी आणि आत्याचा पोरगा म्हटलं की बायकांचे डोळे लगेच मिचकतात. शाळेत असल्यापासून आम्हाला ते ऐकावं लागलं. लग्न झालं नाही, दोघांनाही नको होतं, पण त्या चिडवाचिडवीत आम्ही एकमेकांशी साधं बोलायला कधी शिकलोच नाही. जे काय बोलणं व्हायचं ते पटावर. पुढं आम्ही दोघं जिल्ह्यासाठी खेळलो, दोघंही मोठे खेळाडू काही झालो नाही, आणि ज्यांचं असं होतं ते शिकवायला लागतात, तसे शिकवायला लागलो. ऑनलाइन. माझे बहुतेक विद्यार्थी परदेशातले, नेदरलँड, कॅनडा, कुठली कुठली मुलं. एकेका तासाचे पैसे.

तिथंच सगळी गोम होती. एका तासाचे पैसे बँकेतून पाठवायचे तर अर्धे वाटेतच झिजायचे. बिटकॉइननं पाठवायचे तर मुख्य साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या जाहीर वहीत, प्रत्येक व्यवहाराची फी, आणि गर्दी असली की ती माझ्या तासापेक्षा महाग. रणजितनं यावर तोड काढली. त्याला चॅनल म्हणतात. त्यानं स्वतःचे बिटकॉइन मुख्य साखळीवर एका कुलपात टाकले. ते कुलूप आम्हा दोघांच्या सहीशिवाय उघडत नाही. मग आत कुणाचे किती, हे आम्ही आपसांत बदलत राहायचं. माझ्या विद्यार्थ्याचे पैसे फिरत फिरत रणजितच्या मशीनला यायचे आणि त्याचं मशीन कुलपातला तेवढा वाटा माझ्या नावावर करायचं. नवा हिशेब, दोघांच्या सह्या, आधीचा रद्द. काम क्षणात, फी नावापुरती, मुख्य साखळीला त्याचा पत्ताही नाही. कधीतरी हे बंद करायचं ठरलं की शेवटचा हिशेब एकदाच साखळीवर टाकायचा आणि ज्याचे त्यानं घ्यायचे.

आता कुणी लबाडीनं जुना, रद्द झालेला हिशेब टाकला तर? त्याचीही सोय होती. रद्द केलेल्या प्रत्येक हिशेबाची किल्ली समोरच्याच्या मशीनमध्ये असते. जुना हिशेब साखळीवर दिसला की ठरलेल्या काही दिवसांच्या मुदतीच्या आत ती किल्ली लावायची, मग लबाडी करणाऱ्याचा कुलपातला सगळा पैसा आपला. या भीतीनं कुणी तसं करत नाही. “यात कुणावर विश्वास ठेवावाच लागत नाही,” असं रणजित तेव्हा फार अभिमानानं सांगायचा. फक्त मशीन कायम चालू हवं आणि किल्ल्या जपायला हव्यात.

माझ्या किल्ल्या मंगळवारी गेल्या. लाईट गेली, आली, परत गेली, आणि देवघराच्या वरच्या फळीवर जेवणाच्या डब्याएवढं जे माझं मशीन दिवसरात्र चालू असायचं ते दोन आचके देऊन गप्प झालं. डिस्क जळली. मी नवी डिस्क आणून घातली, खात्याचे परवलीचे शब्द माझ्याकडं होते ते भरले, आणि मशीन सुरू झालं. रणजितच्या मशीनला जोडल्याचा हिरवा ठिपकाही आला. चॅनल मात्र रिकामं. तेव्हा मी घाबरून पुण्याच्या कौस्तुभला फोन केला. तो माझा जुना विद्यार्थी, याच धंद्यातला.

“मॅडम, ते आधी बंद करा,” तो म्हणाला.

“केलं. पण माझे पैसे?”

“परवलीच्या शब्दांनी खातं परत मिळतं. चॅनलचा शेवटचा हिशेब आणि किल्ल्या त्यातून येत नाहीत. त्या गेल्या. आता समोरच्यानं आपणहून शेवटचा हिशेब टाकला, तर तुमचे पैसे तुमच्या खात्यात येतील. त्यानं जुना टाकला तर तुम्हाला काही करता येणार नाही.”

“म्हणजे सगळं त्याच्या मर्जीवर.”

“त्याला माहीत नाही तोवर नाही. किल्ल्या तुमच्याकडं आहेत असं त्याला वाटलं तर तो घाबरेल. कळू देऊ नका. त्याच्या मशीनला जोडलं नाही ना?”

“जेमतेम मिनिटभर.”

तो म्हणाला, “त्याचं लक्ष नसेल तर चालेल.”

लक्ष नसेल. रणजितचं. जो माणूस लहानपणी माझ्या पेन्सिलीला टोक कुठल्या बाजूनं काढलंय तेसुद्धा बघायचा, त्याचं लक्ष नसेल, ही आशा धरून मी चार दिवस काढले. बुधवारी त्याचा मेसेज आला. शनिवारी आईकडं ये. चॅनल बंद करू. समोरासमोर.

चॅनल बंद करा म्हणून मीच महिनाभर त्याच्या मागं लागले होते. सांगलीत, विश्रामबागेत, एका वाचनालयाचा वरचा हॉल मला मिळत होता. पंखे चांगले, उजेड भरपूर, खाली रसवंती. सोमवारपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर तो एका योगावाल्याला जाणार होता. आयुष्यभर मी कुणाच्या ना कुणाच्या खोलीत शिकवलं. या हॉलवर माझ्या नावाची पाटी लागणार होती, आणि तिचे पैसे रणजितच्या कुलपात अडकले होते. पहिल्या हिशेबात सगळंच त्याचं होतं, कारण घातलं त्यानंच होतं. शेवटच्या हिशेबात जवळजवळ सगळं माझं. त्याला फक्त कुठला टाकायचा ते ठरवायचं होतं.

आणि त्यानं माझं भलं करावं असं काही मी ठेवलं नव्हतं. वर्षभरापूर्वी आत्याच्या एकसष्टीत, पंगत बसलेली असताना, मी त्याला चोर म्हटलं होतं. झालं असं की माझे पैसे त्याच्या मशीनमधून जाताना ते थोडी वटणावळ कापून घ्यायचं. आधी अगदी किरकोळ होती, मग मला न विचारता त्यानं ती वाढवली. मी म्हटलं, भाऊ असून जकात घेतोस? तो म्हणाला, तुझ्यासाठी माझे पैसे वर्षभर कुलपात पडलेत, ते मला दुसरीकडं कुठं वापरता येत नाहीत, त्याचं काय? मी म्हटलं, याला चोरी म्हणतात. तो म्हणाला, परत म्हण. मी परत म्हटलं, मोठ्यानं. त्याचे सासरे श्रीखंडाची वाटी हातात धरून तसेच बसले होते. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. पैशांचा रस्ता मात्र त्याच्याच दारातून जात राहिला.

“बस,” रणजित म्हणाला.

मी बसले. लॅपटॉप उघडून त्याची पाठ त्याच्याकडं केली. काहीतरी बघतेय असं दिसायला हवं म्हणून बुद्धिबळाचा प्रोग्राम सुरू केला आणि कॉम्प्युटरशी एक डाव मांडला.

“मशीन कसंय?” त्यानं विचारलं.

“घरी आहे. चालू आहे.”

“इथून दिसतं तुला?”

“दिसतं. म्हणून तर हे आणलंय.”

“हं.”

आत्यानं चहा आणि भडंगाची ताटली आणून मधोमध ठेवली आणि स्वतः टेबलाच्या टोकाला खुर्ची ओढून बसली, पंच बसतो तशी.

“कुणाचे किती ते मला सांगा,” ती म्हणाली. “मी वाटून देते. एवढ्याला दोन कॉम्प्युटर कशाला पायजेत?”

“आई, तू थांब,” रणजित म्हणाला. मग मला म्हणाला, “दोघांच्या सहीनं बंद करू. तुझं मशीन सही करेल, माझं करेल, फी कमी, कुणाचे पैसे अडकायला नकोत.”

हीच मला भीती होती. माझं मशीन सही करू शकत नव्हतं. कौस्तुभनं यावर काय बोलायचं ते शिकवलं होतं, काहीतरी आवृत्तीचं, अपडेटचं, पण ते सगळं माझ्या डोक्यातून उडून गेलं. मी जे बोलले ते आपोआप तोंडात आलं.

“तुझ्या सहीशेजारी मला परत माझी सही करायची नाही.”

“काय?”

“एकदा केली तेवढी बास झाली. तू तुझ्या बाजूनं एकट्यानं बंद कर. शेवटचा हिशेब टाक, मी बघते.”

“एकट्यानं बंद केलं की माझे पैसे मुदत संपेपर्यंत अडकतात. तुझे लगेच सुटतात.”

“अडकू देत.”

“फी जास्त जाते.”

“तुझीच जाते. कुलूप तू घातलंयस.”

आत्या माझ्याकडं बघत राहिली. एवढं वाईट बोलायला माझ्या आईनं शिकवलं नसणार, असं तिच्या तोंडावर होतं. पण मला आतून जरा हायसं वाटलं. मला खोटं बोलता येत नाही. भांडता येतं. रागाचा एवढा उपयोग मला त्याआधी कधीच झाला नव्हता.

रणजितनं भडंगाची चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश चावली. पटावरही तो असाच करायचा. चाल ठरलेली असायची, तरी समोरच्याला कढवायला वेळ काढायचा.

“एकट्यानं बंद करायचं म्हणजे कुठला हिशेब टाकायचा ते माझ्या हातात,” तो म्हणाला. “कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“माझ्याकडं सगळ्या जुन्या नकला आहेत.”

“असणारच. तू हरलेल्या डावांचे कागदसुद्धा जपून ठेवतोस.”

“जिंकलेल्यांचेही.”

“ते थोडे असतील.”

“मी पहिला हिशेब टाकला तर तुझा हॉल गेला. पाटी गेली. रसवंतीवाल्याला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल.”

हॉलचं याला कोणी सांगितलं? मी आत्याकडं बघितलं, तर तिनं पदरानं ताटलीची कड पुसायला घेतली. माझ्या छातीत ठोके पडत होते आणि मला वाटत होतं की ते टेबलाला लागून चहा हलतोय. त्याला माहीत आहे, असं एक मन म्हणत होतं. माहीत असतं तर इथं येऊन कशाला बसला असता, कधीच हात मारला असता, असं दुसरं म्हणत होतं. मी दुसऱ्याचं ऐकलं.

“टाक की,” मी म्हणाले. “पहिला टाक. मी किल्ली लावते आणि तुझं उरलंसुरलंही घेते. हॉलला एसी बसवेन.”

“लावशील?”

“तू टाकून तर बघ.”

तो माझ्याकडं बघत राहिला, म्हणजे मला तसं वाटलं. मी पडद्याकडं डोळे लावून माऊस फिरवत होते. खोटं खोटं का होईना, हात कशात तरी गुंतलेला बरा म्हणून डाव पुढं खेळत होते. कॉम्प्युटर माझ्या वजिराकडच्या बाजूला घुसला होता.

“एक वाक्य म्हण,” रणजित म्हणाला.

“कसलं?”

“आईसमोर म्हण. सगळ्यांसमोर चोर म्हणालीस, मी म्हणत नाही की सगळ्यांना परत जेवायला बोलव. फक्त आईसमोर. रणजित चोर नाही. तीन शब्द. मग शेवटचा हिशेब टाकतो.”

“आधी टाक. मग बघू चोर आहेस का नाही.”

“म्हण गं,” आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. “तीन शब्दांनी जीभ झिजती का तुझी? माझ्यासाठी म्हण. वर्ष झालं, माझ्या घरात दिवाळीला एक येतो तर दुसरा येत नाही.”

त्या क्षणी ते म्हणून टाकणं शहाणपणाचं होतं, हे आता कुणीही सांगेल. तीन शब्द आणि हॉल माझा. पण मी असा हिशेब केला की जिच्या हातात किल्ल्या आहेत ती बाई असल्या वाक्याला भीक घालणार नाही. मी म्हटलं की त्याला कळणार, ही घाबरलीय, हिच्याकडं काही नाही. म्हणून म्हणायचं नाही. असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर सगळ्या किल्ल्या कमरेला लटकत असत्या तरी मी ते म्हटलं नसतं. तो समोर बसून मागतोय म्हणूनच म्हटलं नसतं.

“नाही म्हणणार,” मी म्हणाले.

“शेवटचं विचारतो.”

“कितीही वेळा विचार.”

“वृषाली,” आत्या म्हणाली.

“नाही, आत्या.”

रणजितनं मान खाली घातली आणि लॅपटॉपवर काहीतरी टाईप केलं. मग हात थांबला. मग त्यानं एकच बटण दाबलं, पटावरचं घड्याळ दाबतात तसं, आणि लॅपटॉप मिटला.

“टाकला,” तो म्हणाला.

“कुठला?”

“बघ की. तुला दिसतं ना सगळं.”

मुख्य साखळी जगात कुणालाही दिसते, त्याला किल्ल्या लागत नाहीत. मी फोन काढला. हातातून एकदा सटकून भडंगात पडला. आत्यानं तो उचलून पदराला पुसून दिला. पान उघडायला लागलेल्या त्या वेळात मी मनातल्या मनात हॉल सोडून दिला, योगावाल्याला शुभेच्छासुद्धा दिल्या. मग आकडे आले. मी ते परत बघितले. शेवटचा हिशेब होता. माझा सगळा वाटा माझ्या खात्याकडं निघाला होता, त्यात कणभरही कमी नव्हतं.

मी फोन पालथा ठेवला. घाबरला, असं मला वाटलं. जिंकले, असंही वाटलं, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी गार झालेला चहा एका दमात प्याले.

“बरोबर आहे?” रणजितनं विचारलं.

“बरोबर आहे. शहाणा आहेस. जुना टाकला असतास तर फार वाईट झालं असतं तुझं.”

“हो का.” तो उठला आणि खुर्ची नीट आत सरकवली. “तुझा घोडा मरतोय.”

मला काही कळलं नाही. “कुठला घोडा?”

“वजिराकडचा. मघापासून मरतोय. हत्ती मागं घेतला असतास तर वाचला असता, पण तू माऊस नुसताच फिरवत होतीस.” त्यानं हनुवटीनं माझ्या मागं दाखवलं. “शोकेसला काच आहे.”

मी मागं वळून बघितलं. कपांच्या पुढं, स्वच्छ पुसलेल्या काचेत, माझ्या लॅपटॉपचा पडदा लखलखीत दिसत होता. पट उलटा दिसत होता, पण रणजितसारख्याला तेवढ्यानं काही अडत नाही. माझ्या कानापर्यंत गरम झालं. दुपारभर मी रागारागानं तोंड करून जे काही बघत होते, ते तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

“तुला मघाशीच कळलं,” मी म्हणाले.

“मघाशी नाही. मंगळवारी.”

आत्या एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायला लागली. तो तिच्यासाठीच सांगावं तसं सावकाश बोलला.

“मंगळवारी हिचं मशीन माझ्या मशीनला जोडलं आणि म्हणालं, मला काही आठवत नाही, सगळं गेलंय. असं झालं की माझं मशीन आपोआप शेवटचा, खरा हिशेब टाकून चॅनल बंद करतं. मला हातसुद्धा लावावा लागत नाही. बुधवारी सकाळी उठायच्या आत हिचे पैसे हिच्या खात्यात गेले असते.” तो माझ्याकडं वळला. “मी ते थांबवलं.”

“का?”

“वाटलं, फोन करशील. रणजित, डिस्क जळाली, शेवटचा हिशेब टाक, म्हणशील. मंगळवारी रात्रभर फोन जवळ ठेवला. नाही आला. म्हटलं, समोर बसल्यावर तरी म्हणेल. म्हणून बोलावलं.” त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “तू एसी बसवत होतीस.”

“तू मला धमक्या दिल्यास.”

“दिल्या. तेवढ्यानं तरी खरं बोलतेस का बघत होतो.”

“यात कुणावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला कुणी शिकवलं? तूच ना?”

“मीच,” रणजित म्हणाला. “परक्यांसाठी म्हणालो होतो.”

त्यानं लॅपटॉप पिशवीत घातला, हेल्मेट उचललं आणि आत्याच्या पाया पडला. “येतो गं आई,” म्हणाला. माझ्या खुर्चीमागून जाताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “पैसे मिळाले. आता तुझा-माझा कुठलाच हिशेब राहिला नाही.” बाहेर मोटरसायकल दोनदा किक मारल्यावर सुरू झाली.

“चांगलं केलंत दोघांनी,” आत्या म्हणाली आणि कपबशा उचलून आत निघून गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि कपबशा तर तीनच होत्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हॉल मी सोमवारी सकाळीच घेतला. पाटी लागली, वर्ग चांगला चाललाय, एसी मात्र मी बसवला नाही. परदेशातली मुलं आता एका कंपनीच्या ॲपमधून पैसे भरतात. कंपनी रणजितच्या दुप्पट वटणावळ कापते आणि मी तिला कधी चोर म्हटलेलं नाही. रणजित लग्नाकार्यात भेटतो. तो मला वाट देतो, पाण्याचा ग्लास पुढं करतो, माझ्या मुलाला खाऊसाठी पैसे देतो. बोलत नाही. लोक म्हणतात, बघा, किती चांगला माणूस आहे, हिनं एवढं करूनही. मला त्याच्या त्या चांगुलपणाची इतकी चीड येते की मी जेवण टाकून उठते.

आत्या आता थकलीय. तिचं शोकेस अजून तसंच आहे, आणि रणजितचा जास्तीचा कप अजून पुढंच. दर दिवाळीला मी तिला भेटायला जाते, तो येऊन गेल्यावर, आणि ती दर वेळी माझा हात हातात घेऊन विचारते, “म्हणतेस का गं एकदा? मी सांगीन त्याला. तू नको सांगू.” यंदा तिला नीट ऐकू येत नव्हतं, तरी तेवढं विचारलंच. मी म्हटलं, म्हणेन, आत्या. गाडीत बसेपर्यंत ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते. रणजित चोर नाही हे त्याच्या आईइतकंच मलाही पक्कं ठाऊक आहे. त्यानं त्या दुपारी माझं सगळं लुबाडलं असतं, तर मी त्याला केव्हाच माफ करून टाकलं असतं.